शोकांतिकेवरील शोधनिबंधाचा विषय कसा निवडावा?
(‘एकच प्याला’च्या निमित्ताने)

आपल्या ट्रस्टच्या वाचनालयात संध्याकाळी कॉलेजची मुलेमुली अभ्यासाला येऊन बसतात. त्यांतील मराठी साहित्य घेऊन शिकणारी मंडळी सत्र संपत आले की आमच्या मेजाशी येतात आणि बहुधा एकच मागणी करतात, ‘काका, नाटकावर शोधनिबंध लिहायचा आहे. एखादा चांगला विषय सांगा ना.’

विषय सांगणे सोपे आहे. चार नावे आम्ही बसल्या जागी सांगू शकतो. परंतु दुसऱ्याने दिलेला विषय हा दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखा असतो. तो अंगावर चढतो, पण अंगाला बसत नाही. शिवाय आज मोबाईलवर बोट ठेवले की कोणत्याही नाटकावरचा तयार मजकूर समोर येतो. ज्याला स्वतःचा प्रश्न नाही त्याला त्या मजकुराचा मोह आवरणे कठीण जाते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात विषयांची यादी देण्याऐवजी विषय कसा शोधावा याचीच थोडी चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणासाठी राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ घेऊ. मराठी शोकांतिका म्हटली की हेच नाव प्रथम ओठांवर येते, आणि आम्हा बडोदेकरांशी तिचा जवळचा संबंध आहे. गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारीस, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानातच झाला. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यातच केला. बालगंधर्वांनी सिंधूची आणि गणपतराव बोडस यांनी सुधाकराची भूमिका केली. तो प्रयोग पाहणे नाटककाराच्या नशिबी नव्हते. त्याआधी अठ्ठावीस दिवस, २३ जानेवारीस, सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते.

ही हकीकत ऐकली की विद्यार्थी लगेच म्हणतात, ‘मग हाच विषय घेऊ, एकच प्याला आणि बडोदे.’ अभिमान म्हणून हे ठीक आहे. परंतु अभिमान हा विषय नव्हे. पहिला प्रयोग येथे झाला हे एका वाक्यात सांगून संपते. त्यापुढे विचारण्यासारखे काही असेल तरच निबंध उभा राहतो.

येथेच पहिला मुद्दा लक्षात ठेवावा. विषय म्हणजे मथळा नव्हे. विषय म्हणजे प्रश्न. ‘एकच प्याला : एक अभ्यास’, ‘गडकऱ्यांची नाट्यप्रतिभा’, ‘मद्यपानाचे दुष्परिणाम’ हे सगळे मथळे आहेत. यांतील तिसरा तर दरवर्षी कोणीतरी घेऊन येतो. दारूने संसाराची धूळधाण होते हे कळण्यासाठी पाच अंकी नाटक वाचण्याची गरज नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर नाटक न उघडताच देता येते, तो नाटकावरील निबंधाचा विषय होऊ शकत नाही.

मग प्रश्न सुचावा कसा? आमचा अनुभव असा की, जेथे आपण वाचताना अडखळतो तेथे प्रश्न दडलेला असतो. नाटक प्रथम एका बैठकीत, रस घेत वाचावे. दुसऱ्या वाचनाला कागद जवळ ठेवावा आणि जेथे जेथे ‘असे का?’ असे मनात येईल तेथे खूण करावी. तिसऱ्या वाचनाला केवळ त्या खुणांपाशी थांबावे. टीकाग्रंथ त्यानंतर उघडावेत. आधीच उघडले, तर टीकाकारांचे प्रश्न आपल्याला आपलेच वाटू लागतात.

सुधाकराचेच पाहा. तो बुद्धिमान, मानी, तरुण वकील. कोर्टातील एका चकमकीपायी त्याची सनद काही काळासाठी जाते. त्या अपमानाने तो पेटलेला असताना तळीराम हा त्याचा कारकून त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. आता येथे अडखळावे. प्याला आला तो अपमानानंतर. मग सुधाकराचा नाश कशाने झाला, दारूने की अभिमानाने? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात शोकांतिकेचा विचार करताना असे मांडले की, तिचा नायक पुरता दुष्ट नसावा आणि सर्वथा निर्दोषही नसावा. त्याच्या हातून घडलेल्या एखाद्या प्रमादामुळे तो भाग्याच्या शिखरावरून खाली यावा. या कसोटीवर ‘सुधाकराचा प्रमाद कोणता?’ असा प्रश्न विचारला, तर ‘मद्यपानाचे दुष्परिणाम’ हाच जुना मथळा एकदम जिवंत होतो. या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात, आणि दोहोंसाठी नाटकात पुरावा शोधावा लागतो. पुढे सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, नोकरीसाठी प्रतिष्ठितांची दारे ठोठावतो आणि तेथून झिडकारला जाऊन पुन्हा प्याल्याकडे वळतो. तो प्रवेश अभिमानाच्या बाजूने साक्ष देतो, की समाजाच्या निष्ठुरतेच्या बाजूने? विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आमचीच चूक आहे. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्याकडे आली. नाटक दोनदा वाचून आली होती. तिने विचारले, ‘काका, सिंधूचे माहेर श्रीमंत आहे, भाऊ पाठीशी आहे. तरी ती लोकांचे दळण दळते, पण माहेरची मदत घेत नाही. का?’

आम्ही वर्तमानपत्र बाजूला न ठेवताच उत्तर दिले, ‘अगं, पतिव्रता आहे ती.’

मुलगी गेली नाही. ती म्हणाली, ‘पतिव्रता म्हणून ती नवऱ्याजवळ राहील, हे समजते. पण पैसे का नाकारते? मूल उपाशी आहे ना?’

आम्ही वर्तमानपत्र ठेवले. ही नाटकमंडळींची पदे ऐकत आम्ही मोठे झालो. सिंधूसाठी आमच्या आईने आणि आत्याने डोळ्यांना पदर लावलेला आम्ही पाहिला आहे. पण नवऱ्याजवळ राहणे आणि माहेरचा पैसा नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या वर्षांत आमच्या ध्यानात आले नव्हते. आम्हाला उत्तर ठाऊक होते, म्हणून आम्ही प्रश्नच विचारला नव्हता.

तिला आम्ही एवढेच सांगितले की, तुझे उत्तर काय असेल असे तुला वाटते ते आज एका ओळीत लिहून ठेव आणि पुन्हा नाटकाकडे जा. तिने लिहिले, ‘सिंधू दुबळी आहे.’ पंधरा दिवसांनी आली ती टाचणांची वही घेऊन, आणि पहिली ओळ तिने स्वतःच खोडली होती. तिचे म्हणणे असे होते की, माहेरचा आधार नाकारण्यामागे नवऱ्याचा मान राखण्याची धडपड आहे, आणि ज्या अभिमानापायी सुधाकराने पहिला प्याला उचलला त्याच अभिमानाला सिंधू आपल्या कष्टांनी जपते. परंतु जी बाई स्वतःच्या हातांनी जाते ओढून मूल पोसते तिला दुबळी म्हणता येत नाही, हेही तिने मान्य केले होते. शेवटी सुधाकराच्या हातून मुलाचा जीव जातो, सिंधू स्वतः मरणाच्या दारी असते, आणि तशातही पोलिसांपुढे खोटे बोलून ती नवऱ्याला वाचवू पाहते. मुलीने शेवटी विचारले होते की, या खोटेपणाला आपण टाळ्या का देतो? सिंधूचा गुणच या शोकांतिकेतील दुसरा प्रमाद आहे काय? तिच्या निबंधाचा विषय तोच ठरला.

तिचे निष्कर्ष आम्हाला सर्वस्वी पटले असे नाही. आमच्या पिढीला सिंधूबद्दल ‘प्रमाद’ हा शब्द वापरताना जड वाटते. पण ज्या घरांत आजही कोणी सिंधू निमूटपणे सोसते आहे त्या घरांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्या मुलीने तो कोठून आणला हे आम्ही विचारले नाही.

यावरून विषय पारखण्याच्या चार कसोट्या सांगता येतील. पहिली : प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते काय? येत नसेल तर तो प्रश्न नव्हे, घोषणा आहे. दुसरी : पुरावा नाटकाच्या शब्दांत सापडतो काय? लेखकाच्या मनात काय होते यावर तर्क लढविणे म्हणजे संशोधन नव्हे. तिसरी : हाती असलेल्या पृष्ठांत तो मावतो काय? पंधरा पृष्ठांत सबंध गडकरी मावत नाहीत. एक पात्र, एक प्रवेश, फार तर दोन प्रवेशांची तुलना मावते. चौथी : उत्तर शोधताना आपले आधीचे मत बदलण्याची तयारी आहे काय? ही कसोटी सर्वांत अवघड आहे.

या कसोट्यांना उतरतील अशा आणखी काही दिशा आहेत. त्या विषय म्हणून उचलू नयेत. प्रश्न कसा अरुंद करावा याचे नमुने म्हणून पाहाव्यात. तळीराम आणि शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तील इयागो यांची तुलना पुष्कळदा होते. ‘ऑथेल्लो’चा मराठी अवतार गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’ या नावाने १८९० मध्ये रंगभूमीवर आणलेला होता, तेव्हा हे कथानक मराठी प्रेक्षकांच्या चांगले परिचयाचे होते. परंतु नुसती तुलना पुरेशी नाही. इयागो दुसऱ्याला विष पाजतो आणि स्वतः शुद्धीवर असतो. तळीराम जे पाजतो तेच पितो आणि त्यातच संपतो. मग त्याला खलनायक म्हणावे की पहिला बळी?

दुसरी दिशा हास्याची. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत प्रेक्षक पोट धरून हसतात आणि पुढल्याच प्रवेशात सिंधूचे हाल पाहतात. प्रवेशांचा क्रम कागदावर मांडून पाहावा आणि विचारावे : हे हास्य शोकाची धार बोथट करते की तीव्र करते?

तिसरी दिशा फारशी कोणी घेत नाही. नाटकातील पदे गडकऱ्यांची नव्हेत. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचलेली आहेत. गद्यातील सिंधू एकाची आणि गाणारी सिंधू दुसऱ्याची. त्या दोघी एकच बाई आहेत काय? हे ठाऊक नसताना पदांवरून गडकऱ्यांच्या काव्यप्रतिभेची वाखाणणी केलेले निबंध आम्ही वाचले आहेत. म्हणून विषय पक्का करण्यापूर्वी कोणी काय लिहिले आणि केव्हा लिहिले, एवढी खातरजमा अवश्य करावी.

चौथी दिशा परंपरेची. संस्कृत नाटकाचा शेवट सामान्यतः गोड व्हावा असा संकेत होता. भासाचे ‘ऊरुभंग’ त्याला ठळक अपवाद मानले जाते. ज्यांचे कान त्या संकेतावर घडले होते त्या प्रेक्षकांपुढे एकाच घरातील बाप, आई आणि तान्हे मूल अशा तिघांचा अंत दाखविणारे नाटक आले, आणि तरीही ते लोकप्रिय झाले. ते का, याचा विचार एखाद्या धीराच्या विद्यार्थ्याने करावा.

विषय ठरला की तो एका प्रश्नार्थक वाक्यात लिहावा आणि घरातील एखाद्या न शिकलेल्या वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवावा. ‘बरं, मग पुढे काय?’ असे त्यांनी उत्सुकतेने विचारले तर विषय धरला असे समजावे. त्यांनी नुसतीच मान डोलावली तर आणखी एकदा नाटक वाचावे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलांना विषय सुचवू नका, आमच्यासारखी तयार उत्तरेही देऊ नका. वाचनालयात ‘एकच प्याला’च्या तीन प्रती आहेत, त्यांतील एकीची पाने सुटू लागली आहेत, म्हणून ती बांधणीला दिली आहे. उरलेल्या दोन प्रती केव्हाही घरी नेता येतील. संध्याकाळी आम्ही मेजाशी असतोच. ज्यांच्याजवळ प्रश्न असेल त्यांनी जरूर यावे. वर्तमानपत्र आम्ही आधीच बाजूला ठेवून बसू.