वाढ खुंटलेले मूल आणि रक्तातील आम्लता

निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या पालकांची एक तक्रार आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या नित्य परिचयाची आहे : "डॉक्टर, पोराच्या अंगाला काही लागतच नाही." बहुधा कारण आहारात, जंतांत किंवा वारंवारच्या आजारपणात सापडते. परंतु काही थोड्या मुलांत दोष ताटातला नसून मूत्रपिंडाचा असतो, आणि टॉनिकच्या बाटल्यांत एखादे वर्ष निघून जाते.

प्रथिनांच्या चयापचयातून शरीरात रोज आम्ल तयार होते. प्रौढांत दर किलो वजनामागे ते सुमारे १ मिलीइक्विव्हॅलंट, तर बालकांत त्याच्या दोन-तीन पट असते. मूत्रपिंड ते मुख्यतः अमोनियमच्या रूपाने बाहेर टाकते. ही शक्ती घटली की रक्तातील बायकार्बोनेट खर्ची पडते आणि उरलेला भार हाडांवर येतो. त्यांतील क्षार झिजतात, स्नायूंतील प्रथिने मोडतात, वाढीच्या संप्रेरकाचा प्रभाव मंदावतो. मूल जेवते, पण उंची वाढत नाही.

मॅकशेरी व मॉरिस यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस असलेल्या बालकांना पुरेसा अल्कली सातत्याने दिल्यास त्यांची उंची सर्वसामान्य होऊ शकते. जुनाट मूत्रपिंडविकारात रक्तक्षय, अस्थिविकार, अपुरा आहार अशी अन्य कारणेही असल्याने इतके उत्तम फळ मिळत नाही. तरीही बायकार्बोनेट २२च्या खाली राहू देऊ नये. प्रौढांविषयी मात्र मतभेद आहेत. २००९ च्या लंडनमधील अभ्यासात सोड्याने विकाराची गती मंदावली, तर २०२० च्या ब्रिटनमधील अभ्यासात वृद्धांना लाभ दिसला नाही.

व्यवसायबंधूंना दोन सूचना. रक्ताची नळी अर्धवट भरलेली वा उघडी राहिली, तर कार्बन डायऑक्साइड उडून बायकार्बोनेट खोटेच कमी दिसते. गावातून नमुना बेळगावला पाठवताना हे घडते. आणि कॅल्शियम कमी असल्यास ते आधी सुधारावे, अन्यथा अल्कली देताच झटके येऊ शकतात.

पालकांनी मुलाच्या लघवीची धार पाहावी. मुलग्याची धार बारीक असेल, लघवी थेंबथेंब होत असेल, तर मूत्रमार्गातील जन्मजात पडदा हे कारण असू शकते. स्वयंपाकघरातील सोडा मनाने देऊ नये. त्यातील सोडियमने सूज व रक्तदाब वाढतो. सध्या बोकाळलेल्या 'अल्कलाइन' पाण्याने हे आम्ल हटत नाही. शहाळ्याचे पाणी निरोगी माणसाला उत्तम, पण मूत्रपिंड दुबळे असता त्यातील पोटॅशियम हृदयाला घातक ठरू शकते.