टेनिस न खेळता 'टेनिस एल्बो'

भीमाशंकरच्या डोंगरात भातशेती करणारे शेतकरी पावसाळ्याआधी राबासाठी झाडांच्या फांद्या कोयत्याने तोडतात. अशा कामाने एखाद्याच्या कोपराच्या बाहेरच्या बाजूस कळ येऊ लागते. कळशी उचलताना, कपडे पिळताना ती वाढते. हाच 'टेनिस एल्बो'. १८८३ साली इंग्लंडमध्ये लॉन टेनिसवरून हे नाव पडले. पण बहुतेक रुग्णांनी रॅकेट कधी हाती धरलेली नसते. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये हा विकार जडला तो क्रिकेट खेळताना.

दुखते कोपर, पण त्यावर ताण येतो तो मनगटामुळे. हे कसे? एक प्रयोग करा. डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या किंचित खाली, बाहेरच्या बाजूस ठेवा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. बोटांखालचे स्नायू ताठ झालेले जाणवतील. मूठ आवळणारे स्नायू मनगटाला आत वाकवू पाहतात. ते वाकू नये म्हणून हे मागचे स्नायू ओढ देतात. त्यांची कंडरा दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेली असते. तिच्यावर वारंवार ताण आला की तिचे तंतू झिजतात व विसकटतात.

आता थोडे गणित. तळहात जमिनीकडे ठेवून १ किलोग्रॅमची पिशवी उचलली, तर मनगट हा टेकू झाला. पिशवी टेकूपासून साधारण ८ सें.मी., तर कंडरा २ सें.मी. अंतरावर. तरफेच्या नियमाप्रमाणे कंडरेला १ × ८ ÷ २ = ४ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ द्यावी लागेल! तळहात वर करून उचलल्यास हा भार आतल्या बाजूच्या स्नायूंवर जातो. तेथील कंडरा दुखावली, तर त्यास 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात.

कोयत्याची मूठ गुळगुळीत असेल तर तो निसटू नये म्हणून ती अधिक आवळावी लागते. घर्षणबल = घर्षणांक × लंबबल. मुठीला खरखरीत कापड गुंडाळून घर्षणांक दुप्पट झाला, तर निम्म्या आवळण्याने काम भागते. धारदार पात्याने घावही कमी लागतात.

मग उपाय कोणता? कळ वाढवणारे काम काही काळ कमी करावे. मात्र हात पूर्ण बांधून ठेवू नये, कारण कंडरा बेताच्या भारानेच बळकट होते. हात टेबलावर पालथा ठेवून मनगट कडेबाहेर घ्यावे, हातात लहान वजन धरावे, दुसऱ्या हाताच्या आधाराने ते वर न्यावे आणि सावकाश खाली सोडावे. दुखणे वाढल्यास वजन कमी करावे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम वाटतो. पण पुढे दुखणे उलटण्याचा संभव अधिक असतो. बहुतेक रुग्ण वर्षभरात बरे होतात. तेंडुलकर यांच्यावर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, तशी वेळ थोड्यांवरच येते.

हा विकार मुख्यतः ३५ ते ५५ वर्षांच्या वयात होतो. तुमच्यापैकी कोणाचे कोपर चेंडू फेकताना आतल्या बाजूस दुखत असेल, तर वाढत्या हाडाच्या टोकाला इजा झालेली असू शकते. खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. पडल्यानंतरची सूज, बोटांना मुंग्या, ताप किंवा हात सरळ न होणे, यांपैकी काही असल्यास कोणत्याही वयात हेच करावे.

आज घरातील कोयता, विळा व खुरपे यांच्या मुठी हातात धरून पाहा. कोणती सर्वांत जास्त आवळावी लागते? सुधारणा तिच्यापासून सुरू करा.