कॉम्प्युटर तोच, साहेब वेगळा

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाकडे जरा कानाडोळा करा. विषय एम.आय.एस.चा आहे, म्हणजे ऑफिसातल्या माहिती प्रणालीचा. पेपरात आपण सगळे लिहून येतो की अचूक माहिती मिळाली की निर्णय अचूक होतो. मला हे अर्धंच पटतं. साहेब निर्णय कसा घेतो, यावरच त्याच्यापर्यंत कुठली माहिती पोहोचणार हे ठरतं.

व्ह्रूम आणि येटन यांनी १९७३ मध्ये नेत्यांच्या निर्णयपद्धती मांडल्या. कोणी एकटाच ठरवतो, कोणी सल्ला घेऊन ठरवतो, कोणी सगळ्यांना घेऊन बसतो. एकट्याने ठरवणाऱ्याला बहुतेक वेळा नुसता आकडा पुरतो.

आता न्यूयॉर्क पोलिसांचं बघा. १९९४ मध्ये आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी 'कॉम्पस्टॅट' सुरू केलं. दर आठवड्याला प्रत्येक ठाण्याचे गुन्हे गोळा करायचे, नकाशावर मांडायचे आणि ठाणेप्रमुखाला मुख्यालयात सगळ्यांसमोर विचारायचं, इथे चोऱ्या का वाढल्या? काय केलंत? कल्पना झकासच होती. गुन्हे कुठे वाढतायत ते लगेच दिसू लागलं. पण भर मीटिंगमध्ये पाणउतारा होणार म्हटल्यावर माणूस काय करेल? तिथे हजार डॉलरच्या वरची चोरी मोठ्या गुन्ह्यांत धरतात. एटर्नो आणि सिल्व्हरमन या संशोधकांना निवृत्त अधिकाऱ्यांनी सांगितलं, की चोरीच्या वस्तूची किंमत कमी दाखवायला इंटरनेटवर स्वस्त भाव शोधले जायचे! (एटर्नो स्वतः तिथलेच माजी कॅप्टन. दोघांचं यावरचं पुस्तक २०१२ चं.) सॉफ्टवेअरमध्ये बग नव्हता हो.

हसू नका. मेस कमिटीत असताना वाया जाणाऱ्या अन्नाची एक्सेल शीट मीच बनवली होती. आकडा वाढला की मी मावशींना सगळ्यांसमोर विचारायचे, "एवढं कसं वाया गेलं?" दोन आठवड्यांत आकडे एकदम छान आले. बादली मात्र रोज भरलेलीच.

मग एका संध्याकाळी शीट बाजूला ठेवून मावशींबरोबर चहा घेत बसले. गुरुवारी प्रॅक्टिकल उशिरा सुटतं आणि मुली बाहेरच खाऊन येतात, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या शीटमध्ये त्यासाठी कॉलमच नव्हता. आता टाकलाय, आणि तो मावशी सांगतील तसाच भरायचा असं ठरलंय.