काठावरचा खेळाडू

गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलांना एक अनुभव ठाऊक असतो. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मूल पाण्यात उतरते. नाकातोंडात पाणी जाते, हात एकीकडे तर पाय भलतीकडेच चालतात. आणि काठावर उभा असलेला शिकवणारा मात्र कोरडा ठणठणीत असतो. तो ओरडतो, "पाय मार, घाबरू नकोस!" पाण्यातल्या मुलाला त्या वेळी त्याचा रागच येतो. पुढे चांगले पोहता येऊ लागल्यावर मनात येते की, त्या दिवशी आपल्यापेक्षा तोच अधिक घाबरलेला असावा.

अशा काठावर उभे राहण्याचे काम ज्यांनी जन्माचा व्यवसाय म्हणून पत्करले, अशा एका अमेरिकन गृहस्थांची हकीकत या पाठात सांगावयाची आहे. अ‍ॅडम क्रिकोरियन हे त्यांचे नाव, आणि वॉटरपोलो हा त्यांचा खेळ.

या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. खोल पाण्यात दोन संघ समोरासमोर येतात. प्रत्येक संघाचे सात खेळाडू पाण्यात असतात. त्यांपैकी एक गोलरक्षक. आठ आठ मिनिटांचे चार डाव होतात. तळाला पाय टेकावयाचा नाही, काठाचा आधार घ्यावयाचा नाही, आणि गोलरक्षकावाचून इतरांनी चेंडूला एका वेळी एकच हात लावावयाचा. मग खेळाडू उभा राहतो तरी कशावर? ताक घुसळताना रवी जशी फिरते, तसे त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांपासून उलटसुलट दिशांनी सारखे फिरत असतात. रवी थांबली की खेळाडू पाण्याखाली गेलाच! हे सारे चालू असता प्रतिस्पर्धी त्याच्या अंगाशी झोंबत असतो, आणि पाण्याखाली काय चालले आहे ते पंचांनाही पुष्कळदा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हा खेळ आकाराला आला. १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या संघाने या खेळाचे सुवर्णपदक जिंकले होते. ही गोष्ट आपण जवळजवळ विसरूनच गेलो आहोत.

अमेरिकेत या खेळाचे घर म्हणजे कॅलिफोर्निया. तेथील हवा उबदार, आणि पोहण्याचे तलाव असलेल्या शाळाही पुष्कळ. अमेरिकन महाविद्यालयांच्या पुरुष संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९६९ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२४ पर्यंत तिचे विजेतेपद एकदाही कॅलिफोर्नियाच्या बाहेर गेले नाही. याच राज्यात १९७४ साली अ‍ॅडमचा जन्म झाला. त्याचा थोरला भाऊ ब्लेक हाही वॉटरपोलो खेळे. अ‍ॅडम पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. तेथे गाय बेकर नावाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली तो तयार झाला, आणि १९९५ साली त्या विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा संघाचा कर्णधार अ‍ॅडमच होता.

शिक्षण संपले की बहुतेक खेळाडूंचा खेळही संपतो. क्रिकोरियन यांनी पाण्यातून बाहेर येऊन काठाची वाट धरली, आणि आपल्याच गुरूंचे साहाय्यक म्हणून ते काम करू लागले. ही वाट अरुंद आहे. वॉटरपोलोचे संघ बाळगणारी विद्यापीठे मोजकी, आणि मुख्य प्रशिक्षकाच्या जागा त्याहून मोजक्या. साहाय्यकाला पहाटेच्या सरावाला सर्वांच्या आधी यावे लागते. चेंडू, टोप्या, गोलाची जाळी यांची व्यवस्था त्याने पाहावयाची. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहून टिपणे काढावयाची. शाळांच्या सामन्यांना जाऊन होतकरू मुले हेरावयाची. आणि संघातील मुलांच्या अभ्यासावरही डोळा ठेवावयाचा, कारण परीक्षेत ठरलेले गुण मिळाले नाहीत तर तेथे विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघातून खेळता येत नाही. (हा नियम मला फार आवडला!) एवढे करून वेतन बेताचेच, आणि सामना जिंकला तर नाव मुख्य प्रशिक्षकाचे. शाळेत नव्याने लागलेल्या मास्तरांची स्थिती याहून फार निराळी नसते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

१९९९ साली, वयाच्या पंचविशीतच, क्रिकोरियन बेकर यांच्या जोडीने मुख्य प्रशिक्षक झाले. पुढे बेकर राष्ट्रीय महिला संघाकडे गेले आणि विद्यापीठाची धुरा शिष्याच्या खांद्यावर आली. पुरुषांचा संघ आणि महिलांचा संघ असे दोन्ही संघ ते सांभाळीत. २००५ ते २००९ अशी सलग पाच वर्षे त्यांच्या महिला संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. आणि त्याच २००९ साली हे स्थिरस्थावर झालेले काम सोडून त्यांनी देशाच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले.

ते पद सोपे नव्हते. ऑलिंपिकमध्ये महिलांचा वॉटरपोलो २००० साली सुरू झाला. गुरू बेकर यांच्या काळात अमेरिकेच्या संघाने तीन ऑलिंपिकमध्ये तीन पदके मिळवली होती: रौप्य, कांस्य आणि पुन्हा रौप्य. सुवर्ण तेवढे राहिले होते. २००८ चा अंतिम सामना तर अवघ्या एका गोलाने हातचा गेला होता.

आता २०१२ सालच्या लंडनच्या ऑलिंपिककडे वळू. उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाशी होता. अमेरिका ९, ऑस्ट्रेलिया ८. खेळ संपण्यास केवळ एक सेकंद उरला होता. अशा वेळी आपल्या संघाकडे चेंडू आहे अशा समजुतीने क्रिकोरियन यांनी टाइमआउट मागितला. परंतु चेंडू होता ऑस्ट्रेलियाकडे! चेंडू हाती नसलेल्या संघाने टाइमआउट मागितला तर प्रतिस्पर्ध्यास पेनल्टी मिळते, असा नियम. ऑस्ट्रेलियाने ती संधी साधली आणि सामना ९–९ असा बरोबरीत आला.

त्या क्षणी त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. विद्यार्थी चुकला तर शिक्षक त्याला सांभाळून घेतो. येथे शिक्षकच चुकला होता, आणि त्याची किंमत मुलींना पाण्यात उतरून चुकवावयाची होती. जादा वेळाचा खेळ सुरू झाला. मुलींनी दोन गोल केले, ऑस्ट्रेलियाला एकही करू दिला नाही, आणि सामना ११–९ असा जिंकला. चूक आपलीच होती, हे क्रिकोरियन यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. अंतिम सामन्यात अमेरिकेने स्पेनचा ८–५ असा पराभव केला. त्यांतील पाच गोल मॅगी स्टेफन्स या एकोणीस वर्षांच्या मुलीचे होते. गुरूंच्या हातून राहिलेले सुवर्णपदक शिष्याच्या संघाने मिळवले.

संघाने मिळवले असे मी जाणून लिहिले आहे. ऑलिंपिकमध्ये पदक खेळाडूंना मिळते, प्रशिक्षकाला मिळत नाही. विजयमंचावर त्याला जागा नसते.

चार वर्षांनी संघ ब्राझीलमधील रिओ येथे पोहोचला. स्टेफन्स आता कर्णधार होती. स्पर्धा सुरू होण्यास थोडेच दिवस उरले असता घरून बातमी आली, की ब्लेक यांचे अकस्मात निधन झाले. ब्लेक अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. क्रिकोरियन संघ सोडून कॅलिफोर्नियाला गेले. त्यांनी चार दिवस घरच्यांच्या दुःखात काढले, आणि पहिल्या सामन्यापूर्वी ते पुन्हा रिओच्या तलावाकाठी येऊन उभे राहिले. संघ एकही सामना हरला नाही. अंतिम सामन्यात त्याने इटलीचा १२–५ असा पराभव केला. त्यापूर्वी कोणत्याही देशाच्या महिला संघाला या खेळाचे ऑलिंपिक विजेतेपद राखता आले नव्हते.

पदके वाटून झाल्यावर मुली आपल्या प्रशिक्षकाजवळ आल्या. एकेकीने आपल्या गळ्यातले पदक काढले आणि त्यांच्या गळ्यात घातले.

टोकियोचे ऑलिंपिक महामारीमुळे एक वर्ष लांबून २०२१ साली झाले. तेथेही सुवर्णपदक याच संघाला मिळाले. २०२४ साली पॅरिसमध्ये मात्र उपांत्य सामन्यात पुन्हा ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. सामना बरोबरीत सुटला, निकाल पेनल्टीच्या फेकींवर गेला, आणि या वेळी ऑस्ट्रेलिया जिंकली. कांस्यपदकाचा सामना नेदरलँड्सने एका गोलाने घेतला. महिलांचा वॉटरपोलो ऑलिंपिकमध्ये आल्यापासून अमेरिकेचा संघ पदकावाचून परतण्याची ती पहिलीच वेळ होती.