पंचाच्या साक्षीला जाताना

शिरवणे, नवी मुंबई

चि. रोहन यास,


तुझ्या नावाचे समन्स शिरवण्याच्या घरी आले तेव्हापासून ताई काळजीत आहे. तू आरोपी नाहीस, एमआयडीसीतल्या गाळ्यातल्या चोरीतला पंच आहेस, हे तिला समजावले. पण "कशाला भानगडीत पडायचं, तारखेला जाऊच नये," असे सांगणारे शेजारी कमी नाहीत. त्यांचे ऐकू नकोस. समन्स बजावूनही साक्षीदार आला नाही, तर वॉरंट निघू शकते.

बेलापूरच्या कोर्टात पुकारा झाला की आधी शपथ, मग सरकारी वकिलांचा सरतपास. वादाच्या मुद्द्यावर ते तुला उत्तर सुचवू शकत नाहीत, म्हणून क्रमाने तुलाच सांगावे लागेल: कोणी बोलावले, कुठे गेलात, काय सापडले, सील कोणी केले, लेबलवर सह्या कोणाच्या. मुद्देमाल समोर ठेवतील. सही नीट पाहा, मगच ओळख. १८७२ च्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही रीत तीच आहे.

खरा कस उलटतपासात. "पंचनामा पोलीस ठाण्यात लिहिला, तुम्ही नुसती सही केली," असे आरोपीचे वकील म्हणतील. सारी नोकरी कोर्टात केली, हा प्रश्न पंचांना विचारलेला मी सतत ऐकला आहे. रागावू नकोस. समोरच्या माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते, तेव्हा असे विचारणे हा त्यांचा हक्कच आहे. म्हणणे खोटे असेल तर 'खरे नाही' म्हण. पोलिसांना अडचणीची गोष्ट खरी असेल, तर तीही मान्य कर. आठवत नसेल तर 'आठवत नाही' हेच खरे उत्तर. अंदाजाने दिलेले एक उत्तर बाकीच्या खऱ्या साक्षीवरही संशय आणते.

आरोपीकडचे कोणी घरी येऊन 'सांभाळून घ्या' म्हणेल. फितूर झालास तर कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकीलच तुझी उलटतपासणी घेतील, आणि खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोणी धमकावले तर लगेच सरकारी वकिलांना सांग. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभर लागू केली आहे.

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात, जून २००९ मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात, न्यायाधीश ताहलियानी यांच्यासमोर, एक दहा वर्षांची मुलगी कुबड्यांवर आली. हल्ल्यात सीएसटीवर तिच्या पायाला गोळी लागली होती. तिने हल्लेखोर कसाबला ओळखले. तिने सोसले त्याच्या मानाने तुला द्यायचा आहे तो फक्त एक दिवस.

आदल्या रात्री इकडेच ये, सकाळी जुईनगरहून लोकलने जाऊ. ओळखपत्र आण. प्रवासभत्ता मागायला संकोच करू नकोस. टाइप झालेली साक्ष वाचून दाखवतील, ती लक्ष देऊन ऐक. शब्द चुकला असेल तर तिथल्या तिथे न्यायाधीशांना सांग. त्याशिवाय कोर्टाबाहेर पाऊल टाकू नकोस.

तुझा,
मामा