पॉड चालू, साइट बंद: वाट कुठे तुटली ते शोधण्याची कृती

डिप्लॉयमेंट झालं, पॉड ‘रनिंग’ दिसतोय, पण ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही. कुबरनेटीजवर काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. अशा वेळी घाईने यामल फाइल बदलून पुन्हा पुन्हा डिप्लॉय केलं, की मूळ दोषात नव्या दोषांची भर पडते. बाहेरून येणारी रिक्वेस्ट डीएनएस, लोड बॅलन्सर, इनग्रेस आणि सर्व्हिस असे टप्पे ओलांडून पॉडपर्यंत पोचते. तपास मात्र पॉडपासून बाहेर करत यावा. एक टप्पा ठीक असल्याची खात्री पटेपर्यंत पुढच्याला हात लावू नये.

हाताशी हवं: कुबसीटीएल, कर्ल, डिग आणि क्लाउड कन्सोलमध्ये नेटवर्क सेटिंग पाहण्याची परवानगी.

1. एरर नीट वाचा. डोमेनचं नावच सापडत नसेल, तर थेट सहावी पायरी गाठा. बराच वेळ थांबून टाइमआउट आला, तर संशय आधी फायरवॉलवर घ्या. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. 404 आला तर बहुधा इनग्रेसमधला होस्ट किंवा पाथ जुळत नाही. 502 आणि 503 मागच्या सर्व्हिसकडे किंवा पॉडकडे बोट दाखवतात. 504 म्हणजे ॲपने वेळेत उत्तर दिलं नाही.

2. पॉड तपासा. ‘कुबसीटीएल गेट पॉड्स’ चालवा. ‘रनिंग’वर समाधान मानू नका, ‘रेडी’च्या रकान्यात 1/1 आहे का ते पाहा. 0/1 असेल तर ‘डिस्क्राइब’ करून शेवटचे इव्हेंट वाचा. रेडिनेस प्रोब का फेल होतोय, ते तिथे कळतं.

इथे एक चकवा आहे. ॲप 127.0.0.1 वर ऐकत असेल, तर ‘पोर्ट-फॉरवर्ड’ने ते झकास उघडतं, कारण ती कमांड पॉडच्या आतल्या लोकलहोस्टलाच जोडते. सर्व्हिसकडून येणारी रिक्वेस्ट मात्र पॉडच्या आयपीवर येते आणि नाकारली जाते. रेडिनेस प्रोब लिहिलेलाच नसेल, तर पॉड तरीही 1/1 दिसतो. म्हणून क्लस्टरमध्ये एक तात्पुरता पॉड सुरू करा आणि तिथून ॲपच्या पॉडच्या आयपीवर कर्ल मारा. उत्तर आलं नाही, तर ॲपला 0.0.0.0 वर ऐकायला लावा.

3. सर्व्हिस तपासा. ‘कुबसीटीएल गेट एंडपॉइंटस्लाइसेस’ चालवा. यादी रिकामी असेल तर बहुधा सर्व्हिसचा सिलेक्टर पॉडच्या लेबलशी जुळत नाही. एका अक्षराचा फरकही पुरतो. यादी भरलेली असेल, तर ‘टार्गेटपोर्ट’ पाहा. ॲप 3000 वर ऐकतंय आणि तिथे 8080 लिहिलंय, असं सर्रास होतं. दुरुस्तीनंतर त्याच तात्पुरत्या पॉडमधून सर्व्हिसच्या नावाने कर्ल करा.

4. इनग्रेस तपासा. ‘इनग्रेसक्लासनेम’ चुकलं, तर कंट्रोलर त्या नियमाकडे ढुंकूनही पाहत नाही. होस्टचं नाव अक्षरशः जुळवा. पाथटाइप ‘एक्झॅक्ट’ असेल, तर त्याखालचे उपपाथ चालत नाहीत, तिथे ‘प्रीफिक्स’ लागतो. सर्व्हिस इनग्रेसच्याच नेमस्पेसमध्ये आहे ना, तेही पाहा. तरी उलगडा झाला नाही, तर कंट्रोलरचे लॉग उघडा. रिक्वेस्टची नोंदच नसेल, तर ती अजून तिथवर आलेली नाही.

5. लोड बॅलन्सर आणि फायरवॉल तपासा. ‘एक्सटर्नल आयपी’समोर बराच वेळ ‘पेंडिंग’ असेल, तर सर्व्हिसचे इव्हेंट वाचा: कोटा संपला की परवानगी कमी पडली, ते तिथे दिसतं. आयपी मिळाला असेल, तर 80 आणि 443 हे पोर्ट बाहेरून खुले आहेत का ते पाहा. मग हेल्थ चेककडे वळा. गुगल क्लाउडवर तो 130.211.0.0/22 आणि 35.191.0.0/16 या रेंजमधून येतो, तेव्हा फायरवॉलमध्ये त्यांना वाट हवी. आणखी एक नेहमीची गफलत: हेल्थ चेक ‘/’ वर लावलेला असतो आणि ॲप तिथून लॉगिन पानाकडे 302 देऊन वळवतं. चेकला 200 हवा असतो, म्हणून धडधाकट पॉडही ‘अनहेल्दी’ ठरतो. लॉगिनशिवाय 200 देणारा वेगळा पाथ ठेवा.

6. डीएनएस आणि सर्टिफिकेट तपासा. कर्लचा ‘रिझॉल्व्ह’ पर्याय वापरून डोमेनचं नाव थेट लोड बॅलन्सरच्या आयपीशी जोडून पाहा. असं केल्यावर साइट उघडली, तर दोष डीएनएसमध्ये. डिगने आलेला आयपी ताडून पाहा. टीटीएल 3600 असेल, तर जुना पत्ता तासभर रेंगाळू शकतो. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं असेल आणि पडताळणी एचटीटीपीने होत असेल, तर पोर्ट 80 बंद करू नका, नाहीतर नूतनीकरण अडतं.

7. आवरतं घ्या. ऑफिसचं वाय-फाय आणि व्हीपीएन बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडून पाहा. तात्पुरता पॉड काढून टाका. तपासाच्या भरात हाताने केलेला प्रत्येक बदल गिटमधल्या यामल फाइलमध्ये उतरवा, नाहीतर पुढच्या डिप्लॉयमेंटला तो पुसला जाईल आणि हाच तपास पहिल्या पायरीपासून करावा लागेल.