मांडीतली कळ

बीजिंगला २००८ साली उसेन बोल्ट ९.६९ सेकंदांत शंभर मीटर धावला तेव्हा त्याच्या बुटाची नाडी सुटली होती, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. अथेन्सचं मात्र कुणाला आठवत नाही. २००४ च्या त्या ऑलिंपिकमध्ये हाच बोल्ट दोनशे मीटरच्या पहिल्याच फेरीत बाद झाला होता. पंधराव्या वर्षी किंग्स्टनला घरच्या प्रेक्षकांसमोर ज्युनियर जगज्जेता झालेला मुलगा. त्याच २००४ च्या एप्रिलमध्ये १९.९३ सेकंद पळून वीस सेकंदांच्या आत येणारा जगातला पहिला ज्युनियर. चार महिन्यांत हॅमस्ट्रिंगने, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूने, त्याला घरी पाठवलं.

मी आता मुलांना धावायला शिकवतो. नवे पालक आले की आधी अथेन्सचं सांगतो, मग माझं.

अकरावीत असताना विभागीय स्पर्धेत वळण संपवून सरळ पट्टीत शिरलो आणि मांडीला मागून कुणी दगड मारावा तशी कळ आली. घरी सगळ्यांचं निदान एकच : शीर लचकली. आजीने तेल कोमट करून रगडून रगडून मालिश केली. सकाळी मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी! स्नायू फाटला की आत रक्तस्राव होतो आणि पहिल्या काही दिवसांत रगडलं तर तो वाढतो, हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे रिलेला माणूस हवा म्हणून सरांनी स्प्रे मारला, वर क्रेप बँडेज गुंडाळलं. स्प्रेने दुखणं कळेनासं होतं, फाटलेलं तसंच राहतं. बॅटन पुढच्याच्या हातात दिली आणि तिथेच लेनमध्ये बसलो. शाळेला पदक मिळालं, संघातल्या मुलांना क्रीडागुण मिळाले. माझी जुनी वेळ मला पुन्हा कधीच आली नाही.

धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीवर टेकण्याच्या आधीच्या क्षणी हा स्नायू पूर्ण ताणलेला असतो. त्याच ताणात त्याला पायाचा वेग आवरायचा असतो. फाटतो तो बहुधा तेव्हाच. आणि एकदा फाटलेला पुन्हा फाटण्याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून 'आता चालताना दुखत नाही' याला काही अर्थ नाही. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याइतकी झाली का, आणि सरावात पूर्ण वेगाने पळताना मनात धाकधूक उरली नाही ना, हे पाहायचं. फिजिओथेरपिस्टकडे जायला शहर गाठावं लागतं, मान्य आहे. तरी जा.

दुखापत नसलेल्या मुलांना आम्ही एक व्यायाम देतो. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, आणि कंबर न मोडता जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. शेवटी हातांवर पडायचं. पहिल्या आठवड्यात मुलं शिव्या घालतात. सुरुवातीला थोड्याच वेळा करा.

बोल्टलाही एका रात्रीत जमलं नव्हतं. त्याचा कणा जन्मापासून वाकडा. अथेन्सनंतर प्रशिक्षक ग्लेन मिल्स यांच्या हाताखाली पाठ-पोट मजबूत करण्यावर भर दिला. तरी २००५ ला हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत दोनशे मीटरच्या अंतिम शर्यतीत पुन्हा दुखापत, शेवटचा नंबर. २००७ ला ओसाकात रौप्य, मग बीजिंग. २००९ च्या बर्लिनमधले शंभर मीटरचे ९.५८ आणि दोनशेचे १९.१९ सेकंद अजून कुणी मोडलेले नाहीत. २०१७ ला लंडनमधल्या त्याच्या अखेरच्या शर्यतीत, रिलेच्या शेवटच्या टप्प्यात, मांडीच पुन्हा आडवी आली.

क्रीडाशिक्षकांना एवढंच सांगणं : कुणा मुलाने मांडीत कळ आल्याचं सांगितलं असेल, तर रिलेच्या यादीतून त्याचं नाव आजच काढा. राखीव खेळाडू असतोच.